कंपालातली गाठ आणि वाढीचा वेग

माणसाला होणाऱ्या कर्करोगांत सगळ्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींपैकी एक लहान मुलांना होते. बर्किट लिम्फोमा हे तिचं नाव. दात दुखतोय म्हणून कुरकुरणारं पोर दोन-तीन आठवड्यांनी दवाखान्यात येतं, तेव्हा गाल एका बाजूने फुगलेला असतो, दाढा हलत असतात, कधी डोळा खोबणीतून पुढे ढकलला गेलेला असतो. काही मुलांच्या पोटात गोळा लागतो आणि तो दिवसागणिक मोठा होतो. उपचार झाले नाहीत तर काही महिन्यांत सगळं संपतं. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘९८ टक्के पेशी विभाजनाच्या चक्रात’ असं लिहून आलं, की आईवडिलांच्या तोंडचं पाणी पळतं. साहजिकच आहे. इतक्या वेगाने वाढणारी गाठ म्हणजे आता आशा नाही, असंच कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही बराच काळ तसंच वाटत होतं. आज मात्र चांगल्या केंद्रात वेळेवर पोचलेल्या अशा दहा मुलांतली नऊ बरी होतात, आणि ती बरी होण्यामागे हा वेगच आहे. ही गोष्ट डॉक्टरांना प्रथम कळू लागली ती युगांडात, फारशी साधनं नसलेल्या एका सरकारी हॉस्पिटलात.

साल १९५७. युगांडा अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता. कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलात डेनिस बर्किट नावाचे सर्जन काम करत होते. जन्म आयर्लंडमधल्या एनिस्किलनचा, १९११ चा. लहानपणी दगड लागून एक डोळा गेलेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी आधी इंजिनिअरिंगला नाव घातलं, मग वैद्यकीकडे वळले. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून पूर्व आफ्रिका पाहिली आणि १९४६ मध्ये नोकरी पत्करून युगांडात आले. मुलागोत ह्यू ट्रॉवेल हे मुलांच्या कुपोषणावर मोठं काम केलेले डॉक्टर होते. त्यांनी एक दिवस बर्किटना आपल्या वॉर्डात एक मूल बघायला बोलावलं. पाच वर्षांचा मुलगा, आणि जबड्याच्या चारही बाजूंना गाठी: वर दोन, खाली दोन. जंतुसंसर्ग म्हणावा तर तो असा चारही ठिकाणी एकदम होत नाही. कर्करोग म्हणावा तर तोही एका जागी सुरू होतो. बर्किटना उलगडा झाला नाही. त्यांनी फोटो काढून ठेवले.

काही आठवड्यांनी ते जिंजाच्या हॉस्पिटलात फेरीवर गेले होते. खिडकीतून बाहेर पाहताना एका बाईच्या जवळ बसलेलं मूल दिसलं. त्याचाही चेहरा तसाच सुजलेला. बाहेर जाऊन त्यांनी मुलाला तपासलं तर पोटातही गाठी लागल्या. एका मुलाकडे योगायोग म्हणून पाहता आलं असतं, दोघांकडे नाही. कंपालाला परतल्यावर त्यांनी जुने केसपेपर आणि शवविच्छेदनाचे अहवाल उपसायला सुरुवात केली.

मला या टप्प्याचं फार मोल वाटतं. गाठ नवी नव्हती. वर्षानुवर्षं मुलं तिच्यासह हॉस्पिटलात येत होती आणि मरत होती. जबड्याची गाठ दंतवैद्य किंवा सर्जन पाहायचे, मूत्रपिंडावरची गाठ दुसरं कोणी, अंडाशयातली तिसरं कोणी, आणि प्रत्येकाच्या नोंदीत तिला निराळं नाव पडायचं. हे सगळं एकाच रोगाचं रूप आहे हे बर्किटनी जुळवून पाहिलं. १९५८ मध्ये ब्रिटिश सर्जनांच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. त्यात अडतीस मुलांची हकीकत होती आणि रोगाला ‘सार्कोमा’ म्हटलं होतं. लेखाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे मुलागोतच काम करणारे पॅथॉलॉजिस्ट जॅक डेव्हिस आणि अमेरिकेतून आलेले ग्रेगरी ओकॉनर यांनी काचपट्ट्या तपासून हा लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग आहे, हे दाखवून दिलं. कंपालाच्या कर्करोग नोंदवहीत मुलांच्या कर्करोगांपैकी जवळपास निम्मे याच प्रकारचे निघाले.

मग नकाशा. बर्किटचे वडील काउंटीचे सर्वेक्षक होते आणि छंद म्हणून पक्षी पाहायचे. रॉबिन पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून कुठला पक्षी कुठल्या हद्दीत राहतो याचे नकाशे त्यांनी काढले होते आणि पक्षीशास्त्रात त्या कामाला आजही मान आहे. मुलाने तेच केलं, फक्त पक्ष्यांच्या जागी आजारी मुलं होती. आफ्रिकेतल्या सरकारी आणि मिशनच्या दवाखान्यांना फोटो छापलेली पत्रकं पाठवायची, उत्तर आलं की भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचायची. टाचण्यांचा एक पट्टा तयार झाला, खंडाच्या मध्यातून जाणारा. पण दक्षिणेकडे तो कुठे आणि का तुटतो हे पत्रांवरून कळेना. ऑक्टोबर १९६१ मध्ये टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन या दोन डॉक्टर मित्रांना घेऊन ते जुन्या फोर्ड गाडीतून निघाले. दहा आठवड्यांत सुमारे दहा हजार मैल. वाटेत लागेल त्या दवाखान्यात थांबून ते डॉक्टरांना फोटो दाखवत आणि असं मूल पाहिलंय का, एवढंच विचारत. उंच डोंगराळ भागात ही गाठ नव्हती, थंडीच्या आणि कोरड्या भागात नव्हती. ऊब आणि पाऊस असेल तिथेच होती. एंटेबेच्या विषाणू संस्थेतले अलेक्झांडर हॅडो यांनी हे तपमानाशी जोडलं आणि पुढे मलेरियाशी असलेला संबंधही पक्का झाला.

विषाणूची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे, म्हणून इथे चार ओळींत. मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात बर्किटनी व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होते. गाठींचे तुकडे कंपालाहून लंडनला विमानाने जाऊ लागले. इव्हॉन बार आणि त्रिनिदादचे बर्ट अचाँग यांच्यासोबत १९६४ मध्ये एप्स्टाइननी त्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून नवा विषाणू पाहिला. माणसाच्या कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू. यातही वेगाचा हात आहे हे सहसा सांगितलं जात नाही. माणसाच्या लसीका पेशी तोवर काचेच्या भांड्यात फार काळ जगत नसत. या गाठीतल्या पेशी तिथेही विभागत राहिल्या, म्हणून विषाणू शोधायला सवड मिळाली.

आता उपचार. बर्किट सर्जन होते आणि शस्त्रक्रियेचा इथे उपयोग नाही हे त्यांना लवकरच कळून चुकलं होतं. जबडा कापून काढला तरी गाठ दुसरीकडे उगवायची आणि मूल मरायच्या आधी विद्रूप व्हायचं. किरणोपचाराचं यंत्र युगांडात नव्हतंच. उरली औषधं. ती त्या काळात अगदी कोवळ्या अवस्थेत होती आणि बरेच डॉक्टर त्यांच्याकडे संशयाने पाहत. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगचे जोसेफ बर्चनाल यांना ल्युकेमियाच्या औषधांचा अनुभव होता. त्यांच्याकडून मेथोट्रेक्सेट आलं. पुढे सायक्लोफॉस्फामाइड आणि व्हिन्क्रिस्टिन आली. नैरोबीत पीटर क्लिफर्ड हे कान-नाक-घशाचे सर्जन याच वाटेने चालले होते.

मग जे दिसलं त्यावर सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. एका इंजेक्शनने काही दिवसांत जबडा मूळ आकाराला यायचा. बाहेर आलेला डोळा आत जायचा. गाठ दिसेनाशी झाली की पुष्कळ घरचे लोक मुलाला घेऊन गावी निघून जात, पुढचे डोस घ्यायला परतत नसत. डॉक्टरांनी अशी मुलं हिशोबातून वजा केली होती. त्यांतली काही वर्षांनी सापडली तेव्हा धडधाकट होती, शाळेत जात होती. एक-दोन डोसांनंतर दीर्घकाळ टिकलेल्या या गुणावर बर्किटनी १९६७ मध्ये लेख लिहिला. त्याआधी जानेवारी १९६६ मध्ये कंपालातच जगभरच्या तज्ज्ञांची या गाठीच्या उपचारांवर परिषद भरली होती. तिथल्या चर्चेत कळीचा प्रश्न हाच होता: ल्युकेमियाला महिनोन्‌महिने औषधं देऊनही तो उलटतो, मग ही गाठ एवढ्याशा औषधाने विरघळते कशी?

उत्तर शोधायला पेशींचं घड्याळ मोजावं लागणार होतं.

पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल करते आणि त्यासाठी थायमिडिन नावाचा घटक वापरते. हा घटक किंचित किरणोत्सारी करून गाठीतल्या पेशींना द्यायचा, मग त्या पेशी काचपट्टीवर पसरून वर फोटोग्राफीचा लेप चढवायचा आणि अंधारात ठेवून द्यायचं. ज्या पेशी त्या घटकेला नक्कल करत होत्या त्यांच्यावर काळे ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या पेशी मोजल्या की विभाजनाची गती काढता येते. काम वेळखाऊ, डोळ्यांची परीक्षा पाहणारं. एडवर्ड कूपर यांनी कंपालातले पॅथॉलॉजिस्ट डेनिस राइट यांच्याबरोबर १९६६ मध्ये बर्किट गाठीची अशी मोजणी प्रसिद्ध केली. पुढे नॉर्वेचे इव्हर्सन, युगांडाचे सर्जन सेबॅस्टियन क्यालवाझी आणि अमेरिकन डॉक्टर जॉन झीग्लर यांच्या गटाने १९७२ ते १९७४ या काळात ती अधिक नेमकी केली.

आकडे चक्रावणारे होते. गाठीतल्या जवळपास सगळ्याच पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या, आणि नुसत्या विभाजनाचा हिशोब केला तर गाठ सुमारे एका दिवसात दुप्पट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात मोजपट्टी लावून पाहिलं तर दुप्पट व्हायला सरासरी साठ-सत्तर तास लागत. मधली तूट कुठे जात होती? नव्याने जन्मलेल्या दर दहा पेशींमागे सुमारे सात मरत होत्या, औषधाचा थेंबही पडलेला नसताना. मेलेल्या पेशी गिळायला भक्षक पेशी गाठीत जागोजागी पसरलेल्या असतात. गडद निळ्या दाटीत त्यांचे फिकट ठिपके दिसतात, म्हणून पॅथॉलॉजिस्ट या चित्राला ‘तारांकित आकाश’ म्हणतात. ही खूण राइट आणि इतरांनी आधीच वर्णिली होती. आता तिचा अर्थ लागला: जन्म आणि मृत्यू दोन्ही बेसुमार, आणि गाठ वाढते ती त्यांच्यातल्या थोड्याशा फरकावर.

कागदावर थोडं गणित करून पाहू. एका पेशीपासून तीस वेळा दुप्पट झालं की सुमारे शंभर कोटी पेशी होतात. हे साधारण एक ग्रॅम, बोराएवढी गाठ. छासष्ट तासांना एकदा दुप्पट धरलं तर इथवर यायला जेमतेम तीन महिने. त्यानंतर आणखी दहा वेळा दुप्पट झाली की गाठ किलोची होते, आणि त्याला महिनाही लागत नाही. खऱ्या शरीरात वाढ पुढे पुढे मंदावते, तेव्हा हे गणित जसंच्या तसं उतरत नाही. तरी ‘आठ दिवसांपूर्वी काहीच नव्हतं हो’ असं सांगणारी आई खरं बोलत असते, एवढं त्यातून नक्की कळतं.

त्या काळातली बहुतेक औषधं विभागणाऱ्या पेशीलाच मारत. शेतात फवारलेल्या औषधाने उगवलेलं तण जळतं, मातीत निजलेलं बी तसंच राहतं. मंद वाढणाऱ्या गाठींत बहुसंख्य पेशी अशा निजलेल्या असतात, बर्किटच्या गाठीत जवळजवळ एकही नाही. अलाबामात हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या ल्युकेमियावर प्रयोग करून १९६४ च्या सुमारास आणखी एक नियम मांडला होता. औषधाचा प्रत्येक डोस पेशींची ठरावीक संख्या मारत नाही, ठरावीक प्रमाण मारतो. गाठ लहान असेल तर दोन-तीन डोसांत शेवटच्या पेशीपर्यंत पोचता येतं. मोठी असेल तर नाही, आणि दोन डोसांत जास्त दिवस गेले तर उरलेल्या पेशी तेवढ्यात पुन्हा पूर्वीइतक्या होतात. कंपालातल्या ज्या मुलांचा फक्त जबडा सुजला होता ती एका-दोन डोसांत वाचली आणि ज्यांचं पोट भरलं होतं ती दगावली. याचा अर्थ या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर लागतो.

झीग्लर १९६७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतून कंपालाला आले ते तिशीच्या आतले तरुण डॉक्टर म्हणून. मुलागोच्या जुन्या इमारतीत लिम्फोमाचं उपचार केंद्र सुरू झालं आणि त्यातूनच युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. बऱ्या झालेल्या मुलांचा गावोगाव जाऊन शोध घेण्याची शिस्त या केंद्राने पाळली. या पाठपुराव्याविना पुढचं काहीच कळलं नसतं. गाठ उलटायची असेल तर ती लवकरच उलटते हे त्यातून दिसलं. वर्षभर काही झालं नाही तर मूल बरं झालं असं म्हणायला हरकत नाही. कारण तेच. उरलेली एखादी पेशीसुद्धा इतक्या वेगाने वाढते की ती वर्षभर लपून राहूच शकत नाही. स्तनाच्या कर्करोगात दहा वर्षांनीही धास्ती असते. इथे बारा महिन्यांत निकाल लागतो. मूल बरं झालं हे इतक्या लवकर ठामपणे सांगता येणं हाही वेगाचाच गुण.

त्याच वेगाने काही मुलांचा उपचारातच जीव घेतला. मोठी गाठ एकदम विरघळली की मेलेल्या पेशींतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात लोटतं. मूत्रपिंडं तुंबतात, हृदय अचानक थांबतं. औषध लागू पडलं म्हणून आनंद व्हावा, आणि दुसऱ्याच दिवशी मूल जावं. १९८० मध्ये झीग्लर, इयन मॅग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदतीस रुग्णांवरून या प्रकाराचं सविस्तर वर्णन केलं. भरपूर सलाईन, युरिक अ‍ॅसिड उतरवणारी औषधं आणि तासातासाला लघवीचं माप, हे आज प्रत्येक मुलांच्या कर्करोग वॉर्डात पहिल्या दिवसापासून चालतं. मॅग्रांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट दाखवली. मुलाचं पुढे काय होणार हे सर्वांत जास्त ठरतं ते शरीरात एकूण गाठ किती आहे यावर.

१९७१ मध्ये युगांडात इदी अमीन सत्तेवर आला. पुढच्या वर्षी आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावलं. झीग्लरही गेले. चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्या डॉक्टरांनी संस्था सांभाळली, आणि औषधं व माणसं दोन्ही तुटपुंजी असताना ती बंद पडू दिली नाही. बर्किट १९६६ मध्येच इंग्लंडला परतले होते. १९७२ च्या लास्कर पुरस्कारात कर्करोगाच्या औषधोपचारासाठी गौरवलेल्या डॉक्टरांत बर्किट, झीग्लर आणि बर्चनाल यांची नावं होती. क्यालवाझी आणि ओल्वेनी यांची नावं आपल्याकडे किती जणांनी ऐकली असतील कोण जाणे. ती ऐकायला हवीत.

पेशी इतक्या बेभान का होतात याचं उत्तर १९७२ नंतर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळालं. स्वीडनमध्ये काम करणारं मानोलोव्ह हे बल्गेरियन जोडपं, मग लोरे झेच आणि जॉर्ज क्लाइन, यांनी आठव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेलेले पाहिले. १९८२ मध्ये त्या जोडावर ‘मिक’ हे जनुक सापडलं. हे जनुक पेशीला विभागायला भाग पाडतं आणि त्याच वेळी तिला मरणाच्याही जवळ नेतं. काचपट्टीवरचं तारांकित आकाश आणि औषधाने झटक्यात विरघळणं, दोन्ही एकाच मुळातून आलेलं निघालं.

आईवडिलांना धडकी भरवणाऱ्या त्या टक्क्यांचा उगम जर्मनीत आहे. कील शहरातल्या विद्यापीठात योहानेस गेर्डेस आणि हाराल्ड श्टाइन यांनी हॉजकिन रोगाच्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचून प्रतिपिंडं तयार केली. त्यांतलं प्रयोगाच्या तबकडीतल्या सदुसष्ट क्रमांकाच्या खळग्यातलं प्रतिपिंड फक्त विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींना चिकटत होतं, निजलेल्यांना नाही. शहराच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि खळग्याचा क्रमांक मिळून ‘की-६७’ हे नाव झालं. शोध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. थायमिडिन आणि अंधारातली वाट पाहणं संपलं. दहा वर्षांत मेणात जपलेल्या जुन्या तुकड्यांवरही चालणारं प्रतिपिंड आलं आणि ही तपासणी जगभर रोजची झाली.

मोठ्या माणसांच्या लिम्फोमात या आकड्याने लगेच काम करायला सुरुवात केली. १९८८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या गटाने मोठ्या पेशींच्या लिम्फोमात साठ टक्क्यांच्या वर आकडा असलेले रुग्ण लवकर दगावतात असं दाखवलं. मग साहजिकच मुलांतही तेच शोधलं गेलं, आणि इथे आकडा अडखळला. मोठ्यांत मंद, मध्यम आणि जलद असे सगळे लिम्फोमा आढळतात. मुलांत मंद जवळपास नसतातच. बर्किट, लिम्फोब्लास्टिक, मोठ्या पेशींचे, सगळेच जलद. सगळ्यांचाच आकडा वर असेल तर त्यावरून कोण वाचणार आणि कोण नाही हे कसं सांगणार? बर्किटचं निदान पक्कं करायला तो आजही मोलाचा आहे, कारण जवळजवळ शंभर टक्के पेशी रंगल्या नाहीत तर पॅथॉलॉजिस्ट निदानाचा पुन्हा विचार करतो. भवितव्य सांगायला मात्र दुसरीकडे पाहावं लागतं: रोग किती पसरलाय, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम किती वाढलंय, अस्थिमज्जेत आणि मेंदूच्या पाण्यात पेशी आहेत का.

आणि उपचार कोणता दिला. १९८३ मध्येच अमेरिकेतल्या मुलांच्या कर्करोग गटाने एका चाचणीचे निकाल छापले. दोन औषधयोजना, आणि कुठल्या मुलाला कुठली द्यायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. पसरलेल्या लिम्फोब्लास्टिक लिम्फोमात दहा औषधांच्या लांबलचक योजनेने ७६ टक्के मुलं दोन वर्षं रोगमुक्त राहिली, चार औषधांच्या योजनेने २६ टक्के. बर्किट आणि इतर प्रकारांत चित्र बरोब्बर उलटं: चार औषधांवर ५७ टक्के, दहा औषधांवर २८. दोन्ही गाठी जलद, तरी एकीला तारणारी योजना दुसरीला निरुपयोगी. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत बोलका कागद आहे, कारण गाठीचा वेग आणि मुलाचं भवितव्य यांच्या मध्ये उपचार उभा असतो हे त्यात आकड्यांनी सिद्ध झालं.

पॅरिसजवळच्या व्हिलजुईफमध्ये कॅथरीन पाट आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९८१ पासून नेमकं वेगाच्या मापाने उपचार शिवले. पहिला आठवडा सौम्य औषधांचा, म्हणजे गाठ हळूहळू उतरावी आणि मूत्रपिंडं वाचावीत. मग मोठा मारा: मोठ्या डोसात मेथोट्रेक्सेट, आणि सायक्लोफॉस्फामाइड एकदम न देता अनेक भागांत, म्हणजे आधीच्या भागातून निसटलेली पेशी पुढच्यात सापडावी. पुढचं चक्र रक्तपेशी सावरल्या की ताबडतोब, गाठीला सवड न देता. वर्षानुवर्षं चालणारा उपचार काही महिन्यांवर आला. पहिल्या आठवड्यात गाठ किती उतरते हेच भवितव्याचं मोठं चिन्ह ठरलं. पाचव्या हिश्शानेही उतरली नाही तर मुलाला लगेच जास्त जोखमीच्या गटात नेऊन जास्त कडक औषधं द्यायची. १९८९ ते १९९६ दरम्यान या पद्धतीने उपचार घेतलेल्या ५६१ मुलांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाच वर्षांनी जिवंत होती. त्यांत मज्जा आणि मेंदूपर्यंत रोग गेलेलीही होती, ज्यांच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षांपूर्वी डॉक्टर हात टेकायचे.

कंपालात काम केलेले मॅग्रा ऐंशीच्या दशकात मुंबईला आले आणि इथून ही कहाणी आपल्या दारात येते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरेश अडवाणी, चेन्नईच्या अड्यारमध्ये व्ही. शांता आणि दिल्लीत एम्स यांच्याबरोबर त्यांनी भारतीय मुलांसाठी औषधयोजना आखल्या. ल्युकेमियाची ‘एमसीपी ८४१’ बऱ्याच जणांना माहीत आहे. लिम्फोमासाठी तिची धाकटी बहीण ‘एमसीपी ८४२’ होती: कमी मुदतीची, पण तीव्र. तिचे सुरुवातीचे निकाल अडवाणींच्या गटाने १९९७ मध्ये छापले. पाश्चात्त्य योजना जशीच्या तशी उचलता येत नव्हती. आपल्याकडे मूल अशक्त असतं, रोग पसरून आलेलं असतं, आणि औषधाने पांढऱ्या पेशी उतरल्या की साधा जुलाबही जिवावर बेततो.

यात अंतराचा आणि राहण्याचा प्रश्न औषधाइतकाच मोठा आहे, आणि मराठी माणसाने तो परळच्या फुटपाथवर पाहिला आहे. जालना, नांदेड, गडचिरोलीहून आलेल्या कुटुंबाने दुसऱ्या आणि तिसऱ्या चक्राच्या मध्ये गावी जाऊन यायचं ठरवलं, पेरणीमुळे आठ-दहा दिवस जास्त लागले, तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होणारी गाठ त्यात किती पुढे जाईल हे वरच्या गणितावरून वाचकाने स्वतःच काढावं. ताप आला तर तासाभरात हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणून दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून चालणारी सेंट ज्यूडची निवासस्थानं ही उपचाराचाच भाग आहेत. टाटात समाजसेवक, शिधा, प्रवासखर्च आणि उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांना फोन करून परत बोलावणं, ही व्यवस्था उभी राहिल्यावर मध्येच सोडून जाणाऱ्या मुलांचं प्रमाण उतरलं. साठच्या दशकात झीग्लरची माणसं युगांडात गावोगाव फिरून करत होती तेच हे काम.

२०२० मध्ये जोखमीच्या गटातल्या मुलांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निकाल आले. फ्रेंच पद्धतीला रितुक्सिमॅब या प्रतिपिंडाची जोड दिली तर तीन वर्षं रोगमुक्त राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ८२ वरून ९४ टक्क्यांच्या जवळ गेलं. या औषधाची जगातली पहिली स्वस्त आवृत्ती हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये आणली होती, त्यामुळे आपल्याकडे ते मिळण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे. मलावीत मात्र तीव्र योजनेला लागणारं रक्त, प्रतिजैविकं आणि नर्सिंग नसल्याने डॉक्टर सायक्लोफॉस्फामाइडवर भर देणारे माफक उपचार देत आले आहेत, आणि त्यांवर सुमारे निम्मी मुलं वाचतात. पॅरिसच्या मुलाची आणि मलावीतल्या मुलाची गाठ एकाच वेगाने वाढते. की-६७ चा आकडा दोन्हीकडे शंभराच्या आसपासच येतो.